उसन्या आठवणींची पितळी चाके

गेल्या पावसाळ्यात एका छोट्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी आलेल्या कथा वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. लिहिणारी मुले बहुतेक कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यातली आणि विशी-पंचविशीतली होती. घरातला फोन भिंतीला वायरने बांधलेला असे, ही गोष्ट त्यांनी ऐकलेली होती, अनुभवलेली नव्हती. वीसेक कथांपैकी सहा-सात कथांत वाफेवर चालणारी यंत्रे होती. एका कथेत तर रंकाळ्यावरून वाफेचे विमान जात होते, उंच टोपी आणि चामडी पट्ट्याचा चष्मा घातलेला त्याचा कप्तान पितळी दुर्बिणीतून जोतिबाचा डोंगर न्याहाळत होता, आणि खाली शहरावर जे दाट, पिवळट, धुराने भरलेले धुके उतरले होते ते कोल्हापूरचे नव्हतेच, ते लंडनचे होते. भाषा चांगली होती, प्रसंगही रंगले होते. तरीही एक प्रश्न मला शेवटच्या पानापर्यंत सोडेना: या विमानाच्या भट्टीत कोळसा कोण टाकत आहे?

विज्ञानकथेत जुने तंत्रज्ञान येण्याला माझा विरोध नाही. पुढे जे लिहिणार आहे ते बरेचसे त्याच्या बाजूचेच आहे. विज्ञानकथा म्हणजे उद्याची गोष्ट, तिने मागे वळून पाहिले की ती हरली, असे मानणारा मोठा वाचकवर्ग मराठीत आहे आणि त्याचे म्हणणे मला अपुरे वाटते. परंतु जुने यंत्र कथेत येते ते कुणाच्या आठवणीतून येते, आणि त्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस त्याच्यासोबत येतो की नाही, या दोन गोष्टींवर कथेचा कस ठरतो. सध्याच्या स्मरणरंजनात या दोन्हींकडे सर्रास काणाडोळा होतो, अशी माझी तक्रार आहे.

वाफेच्या यंत्रांच्या जुन्या काळात रमणाऱ्या कथांच्या या प्रकाराला 'स्टीमपंक' म्हणतात. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने १९८७ साली एका नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात, आपण आणि आपले दोन लेखकमित्र लिहीत असलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या अद्भुत कथांना काहीतरी नाव हवे म्हणून, हा शब्द अर्धवट गमतीने सुचवला आणि तो चिकटला. पुढे डिझेलच्या, अणुयुगाच्या, कॅसेटच्या काळाकडे पाहणारे त्याचे भाऊबंदही निघाले. नाव नवे असले तरी ओढ जुनी आहे, आणि ती समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते, ती अशी की आज आपल्याला जुनाट आणि म्हणूनच मोहक वाटणारी यंत्रे त्यांच्या मूळ कथांत मुळीच जुनी नव्हती. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नची 'नॉटिलस' पाणबुडी आज चित्रांतून दिसते ती पितळी रिव्हेटांची आणि वाफेचे फवारे सोडणारी. पण १८६९-७० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत ती वाफेवर चालतच नाही. ती विजेवर चालते, समुद्राच्या पाण्यातून मिळवलेल्या सोडियमच्या बॅटऱ्यांवर, आणि त्या काळच्या वाचकाला वीज ही जितकी नवलाची होती तितकी क्वचितच दुसरी कुठली गोष्ट असेल. भा. रा. भागवतांच्या मराठीतून व्हर्न वाचलेल्या माझ्या पिढीलाही त्यात जुनेपणा जाणवला नव्हता. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १८९५ साली आपल्या कादंबरीतले कालयंत्र निकेल, हस्तिदंत आणि स्फटिक यांचे केले, कारण अचूक उपकरण म्हटले की त्याच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर तेच साहित्य येत असे. पितळेवरची तांबूस झिलई आपण नंतर चढवली आहे. व्हर्न आणि वेल्स पुढे पाहत होते. त्यांच्या यंत्रांकडे आपण मागे वळून पाहतो आणि ती त्यांचीच नजर आहे असे समजून चालतो.

जुनेपणाचा दुसरा प्रकार लेखकाच्या नकळत घडतो. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या कथांत माणसे एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जातात आणि यानाचा मार्ग मात्र स्लाइड रूल, म्हणजे गणिते करण्याची आकडे कोरलेली सरकपट्टी, सरकवून काढतात. १९७२ साली खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि स्लाइड रूल काही वर्षांत हद्दपार झाला, पण कथांमधले नायक तो हातात धरून बसले ते बसलेच. संगणकांच्या जाळ्यातल्या जगाची कल्पना ज्या कादंबरीने घडवली, ती विल्यम गिब्सनची १९८४ सालची कादंबरी टाइपरायटरवर लिहिलेली होती, आणि तिच्यात मोबाइल नाही. एका प्रसंगात सार्वजनिक टेलिफोनांची रांग एकेक करून वाजते. अशा जागांवर हसण्याची एक पद्धत पडली आहे. मला त्या जागा सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण लेखकाला आपल्या काळातली कोणती गोष्ट इतकी स्वाभाविक वाटत होती की ती कधी बदलेल ही शंकाही त्याला आली नाही, हे तिथे उघडे पडते. भाकीत चुकले म्हणून कथा चुकत नाही. आज लिहिल्या जाणाऱ्या कथांत दोनशे वर्षांनंतरची माणसेही काचेच्या पडद्यावर बोट फिरवत असतात. पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना ते स्लाइड रूलइतकेच गमतीचे वाटेल.

प्रश्न असा की, चुकून आलेल्या या जुनेपणाची आज जाणूनबुजून नक्कल का केली जाते? १९७९ सालच्या 'एलियन' चित्रपटात अवकाशयानातले संगणक हिरव्या अक्षरांचे, कळा टकटक वाजणारे आहेत, कारण तेव्हाचे संगणक तसेच होते. त्यानंतर चाळीस वर्षांनी, हाताशी काहीही दाखवण्याची सोय असताना, तेच हिरवे पडदे आणि तेच खटके हौसेने उभे केले जातात. स्मरणरंजन म्हणून हे झटकून टाकणे सोपे आहे, परंतु ज्यांनी तो काळ पाहिलेलाच नाही अशी मुलेही त्याकडे ओढली जातात, तेव्हा त्याला केवळ आठवण म्हणून चालत नाही. जे पाहिले नाही ते आठवणार कसे? मला वाटते, ही ओढ काळाची कमी आणि उघडता येणाऱ्या वस्तूंची जास्त आहे. खटका दाबला की आत काहीतरी हलते हे कळते. पट्टा तुटला तर तुटलेला दिसतो. आमच्या घरातला जुना रेडिओ बंद पडला की मागचा पुठ्ठा चार स्क्रूंवर निघत असे आणि कोणता व्हॉल्व्ह पेटलेला नाही हे शाळकरी मुलालाही दाखवता येई. मागच्या वर्षी माझ्या फोनची बॅटरी फुगली, तेव्हा दुकानातल्या मुलाने तो उघडायला थेट नकार दिला. कंपनीने तो डिंकाने असा चिकटवला आहे की उघडताना पडदा फुटेल, आणि फुटला तर जबाबदारी तुमची, असे त्याचे म्हणणे होते. वस्तू माझी, पैसे माझे, आणि आत डोकावण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याच कुणाचा. ज्या पिढीला अशाच वस्तू मिळाल्या, तिला दातेरी चाके दिसणारे यंत्र स्वप्नात दिसले तर त्यात नवल नाही.

२००३ साली नव्याने केलेल्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकी मालिकेत हा विचार नीट पोचवला आहे. तिथले जुने लढाऊ जहाज संग्रहालयात जाण्याच्या बेतात असते, त्यातले टेलिफोन वायरचे असतात, संगणक एकमेकांना जोडलेले नसतात. आणि शत्रू जाळ्यातून घुसून सगळी नवी जहाजे एका फटक्यात निकामी करतो, तेव्हा हे जुने जहाजच वाचते. तिथे जुनी वस्तू शोभेला ठेवलेली नाही. कथेचा सगळा भार तिच्यावर आहे, आणि ती काढून घेतली तर कथा कोसळते.

कोल्हापूरकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा आमच्या भागात वीज गेली, पाठोपाठ फोन मेले, आणि तिसऱ्या दिवशी गल्लीत बातमी सांगणारे एकच यंत्र उरले ते म्हणजे शेजारच्या आजींचा सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर, ज्यावर सांगली आकाशवाणी लागत होती. पाण्याची पातळीही आपण आता मोबाइलवर पाहतो, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे इथल्या लहान पोरालाही पाठ असते, पण तो आकडा येतो कुठून, तर नदीतल्या एका जुन्या बंधाऱ्यापासून. अशा बंधाऱ्यांना महाराष्ट्रभर नावच 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' असे आहे. पावसाळा संपला की त्याच्या खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचे. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे आणि नदी मोकळी सोडायची. याहून वर राधानगरीला, शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या धरणावर, सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलावातले पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की पाण्याचा भार आणि समतोलाचे वजन यांच्या जोरावर ते आपोआप उघडतात आणि पाणी उतरले की आपोआप मिटतात. त्यांना वीज लागत नाही आणि चाक फिरवायला माणूसही लागत नाही. दर पावसाळ्यात 'सहा नंबरचा दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग सुरू' ही बातमी येते आणि आपण चहाचा घोट घेत पुढच्या बातमीकडे वळतो. स्वतःचा निर्णय स्वतः घेणारे यंत्र ही कल्पना विज्ञानकथेचा कणा आहे, आणि तसे यंत्र आमच्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे पावसात भिजत उभे आहे; पण आलेल्या वीस कथांपैकी एकाही कथेत ते नव्हते. लंडनचे धुके मात्र होते.

उसनी आठवण म्हणतो ती हीच. व्हिक्टोरियाच्या काळाविषयी इंग्रज लेखकाला वाटणारी हुरहुर, त्यातल्या साम्राज्याच्या ऐटीसह, आपण जशीच्या तशी उचलतो, तेव्हा तिच्याबरोबर तिचे मालकही येतात. आमच्या कथेतला कप्तान कोल्हापूरचा असला तरी त्याची टोपी आणि त्याचा तोरा राज्यकर्त्यांचा होता, आणि तो खाली पाहताना रेसिडेन्सीतला साहेब पाहील तसा पाहत होता. त्याच शहरात, त्याच सुमाराला, १९०२ साली शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोल्हापुरात घडणाऱ्या कल्पनाकथेत या जाहीरनाम्याला जागा नसेल आणि पितळी दुर्बिणीला असेल, तर लेखकाने तो काळ निवडलेला नाही, फक्त त्याचा पोशाख निवडला आहे. यंत्राच्या खोलीत कुणाला पाऊल ठेवता येत होते, हा प्रश्न त्या काळातल्या कोणत्याही यंत्रकथेचा पहिला प्रश्न असायला हवा.

आपल्याजवळ सामग्री कमी आहे असे कुणी म्हणू नये. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांनी इथे चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, बाबूरावांनी काम सोडले नाही, आणि १९२० सालचा 'सैरंध्री' हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा चित्रपट आपल्या बनावटीच्या कॅमेऱ्याने घेतला. पडदे रंगवणाऱ्या माणसाने, तंत्रशाळेचे तोंड न पाहता, युरोपातून येणारे यंत्र समजून घेऊन पुन्हा घडवले. पुढे उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या तेच चालले: बाहेरचे इंजिन आले की ते खोलायचे, भाग मांडायचे, लाकडी पॅटर्न करायचा, साचा भरायचा, ओतायचे, लेथवर चढवायचे आणि गुऱ्हाळावर नेऊन चालवून पाहायचे. त्या मिस्त्रींची एक पर्यायी दुनिया कल्पून पाहा, जिथे संगणकही असाच खोलून, मांडून, ओतून घडवला गेला असता. ही कल्पना वाटते तितकी हवेतली नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याच्या दुसऱ्या 'डिफरन्स इंजिन'चा, म्हणजे दातेरी चाकांवर चालणाऱ्या गणनयंत्राचा, गणन करणारा भाग लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्याच्या आराखड्यांवरून १९९१ साली बांधून दाखवला, आणि तो बरोबर गणिते करतो.

बॅबेजने आपल्या पुढच्या, अधिक महत्त्वाकांक्षी यंत्रासाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची युक्ती घेतली ती जॅकार्डच्या मागावरून, ज्यात कापडावरची नक्षी अशाच पुठ्ठ्यांनी ठरते. आणि माग म्हटला की आम्हाला इचलकरंजी गाठायला तासभरही लागत नाही. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला. धागा वर की खाली, एवढ्या एका निर्णयाची लाखो वेळा केलेली पुनरावृत्ती म्हणजे विणकाम, आणि संगणकाच्या पोटातही त्याहून वेगळे काही नसते. अपोलो यानांच्या संगणकातली कायमची स्मृती तर अक्षरशः विणलेली होती: तार चुंबकीय कड्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य, आणि ती ओवण्याचे काम अमेरिकेतल्या एका कारखान्यात स्त्रिया हाताने करत, ज्यांतल्या काही जणींनी आधी कापडगिरण्यांत काम केले होते. चंद्रावर जाणारी आज्ञावली एका बाईच्या बोटांतून गेली होती, हे कळल्यावर मला इचलकरंजीतल्या कांड्या भरणाऱ्या बायका आठवल्या. एवढ्या एका साम्यावर एक कादंबरी उभी राहू शकेल. ती अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

परंतु इथेच एक धोका आहे आणि तो मी माझ्याच बाजूच्या लोकांना सांगितला पाहिजे, कारण परक्या आठवणीच्या जागी आपली आठवण आणली म्हणजे ती आपोआप प्रामाणिक होते असे नाही. शाहू मिलच्या भोंग्याविषयी कोल्हापुरात किती हळवेपणाने बोलले जाते! १९०६ साली स्थापन झालेली ती गिरणी बंद पडून दोन दशके उलटली, तरी भोंग्यावर घड्याळ लावल्याच्या, भोंग्यावर चूल पेटवल्याच्या आठवणी सांगणारे लोक भेटतात. मीही त्यातलाच. पण भोंगा शहराला वेळ सांगण्यासाठी बसवलेला नव्हता. तो पाळीवर यायला उशीर करू नका, असे कामगाराला बजावण्यासाठी होता. माझे वडील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. ओतलेल्या लोखंडाचा लाल उजेड, वाळूच्या साच्याचा वास, हे सगळे त्यांनी आम्हाला रंगवून सांगितले, आणि ते सांगताना मधेच थांबून बराच वेळ खोकत राहिले. फौंड्रीतल्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसली की पुन्हा निघत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये उमेदीची वर्षे घालवलेली माणसे घरातही ओरडून बोलतात, कारण त्यांचे कान गेलेले असतात. उघडता येणारे, समजणारे, माणसाच्या मापाचे यंत्र, असे जे मी वर म्हटले ते खरे आहे. आणि त्या यंत्राने माणसाची बोटे नेली हेही तितकेच खरे आहे. दोन्ही एका कथेत मावत नसतील तर ती कथा अजून लिहायची तयार झालेली नाही.

स्पर्धेतले माझे सहपरीक्षक भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "अहो, पोरांनी मजा केली आहे, तुम्ही त्यांच्याकडून कामगार चळवळीचा इतिहास मागताय." आक्षेप रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. कल्पनाकथेने प्रत्येक स्क्रूचा हिशेब द्यावा असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. तरीही माझे म्हणणे असे की, कष्टाचा आणि द्रव्याचा हिशेब मांडल्याने मजा कमी होत नाही, वाढते. वाफेचे विमान ही कल्पनाच नाही मुळी: १८५२ साली आंरी जिफार याने पॅरिसमधून तीन अश्वशक्तीच्या वाफेच्या इंजिनावर हवाई जहाज उडवले आणि ते सत्तावीस किलोमीटर नेले. वर ज्वलनशील वायूने भरलेला फुगा आणि खाली पेटलेली भट्टी! ठिणगी वर गेली तर सगळे संपले, म्हणून त्याने धुराडे उलटे, खाली तोंड करून बसवले. हे उलटे धुराडे एखाद्या कथेत आले तर वाचकाचा श्वास जसा अडकेल तसा तो चामडी चष्म्याने अडकणार नाही. सरांना हे पटले की नाही माहीत नाही, पण जिफारची गोष्ट मात्र त्यांनी वहीत टिपून घेतली.

मराठीत हे कसे साधते याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. जयंत नारळीकर १९३८ साली याच कोल्हापुरात जन्मले. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती टोपणनावाने आणि पत्नीच्या हस्ताक्षरात, आपले नाव ओळखून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून. वीस कथा टंकलिखित स्वरूपात वाचणाऱ्या मला त्या हस्तलिखिताचा हेवा वाटतो, पण ते असो. पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर, या कल्पनेवरच्या त्यांच्या कथेत भूतकाळाकडे वळून पाहिलेले आहे आणि त्यात अभिमानालाही जागा आहे. तरीही त्या दुसऱ्या जगातल्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी सुखेनैव नांदते आहे. जिंकलेल्या लढाईने सगळे प्रश्न सुटले, असे त्या कथेतला इतिहास म्हणत नाही. एक गोष्ट बदलली की तिच्याबरोबर काय काय बदलेल आणि काय बदलणार नाही, याचा शास्त्रज्ञाच्या शिस्तीने हिशेब केलेला आहे. शिवाय नायकाजवळ त्या जगाचा पुरावा म्हणून उरते ते पुस्तकाचे एक फाटके पान. जुन्यात जुने तंत्रज्ञान, कागद, तिथे कथेचा सगळा भार उचलते.

निकालाच्या दिवशी सर आणि मी तासभर वाद घातला आणि वाफेच्या विमानाच्या कथेला उत्तेजनार्थ बक्षीस दिले. सरांना तिला दुसरे बक्षीस द्यायचे होते. प्रत परत पाठवताना मी समासात पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले: रंकाळ्यापासून जोतिबापर्यंत जायला किती मण कोळसा लागेल आणि तो कुठून येतो, बॉयलरमधले पाणी उडत्या विमानात कमी पडले तर ते कुठे उतरून भरणार, आणि कप्तान दुर्बिणीतून डोंगर पाहत असताना दाबाच्या काट्यावर नजर ठेवून जो माणूस खाली भट्टीपाशी उभा आहे, त्याचे नाव काय.